काळ, काम आणि वेग

काळ, काम आणि वेग हें प्रकरण आपणां सर्वांच्या ओळखीचें आहे. बारा माणसें एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर सोळा माणसें ती किती दिवसांत बांधतील, हें उदाहरण ज्यानें शाळेंत सोडविलें नाहीं असा सुशिक्षित मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. मीं हें प्रकरण नगर जिल्ह्यांतील शाळांतून अनेक वर्षें शिकविलें. त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी कीं, बारांतला कोणताहि एक मनुष्य दुसऱ्याइतकेंच काम करतो. पुस्तकापुरतें हें ठीक आहे. परंतु पुस्तक मिटून आपण दोन देशांतल्या दोन कारखान्यांच्या दारांत उभे राहिलों, म्हणजे हें गृहीत टिकत नाहीं. यंत्र एकाच घडणीचें, मजुरी दोन्हीकडे तुटपुंजी, देश दोन्ही गरीब. आणि तरीहि एकीकडचा कामकरी सायंकाळपर्यंत जेवढा माल काढतो त्याच्या कितीतरी पट माल दुसरीकडचा काढतो. असें कां व्हावें, या एका प्रश्नाचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करूं. एका कामकऱ्यानें एका तासांत तयार केलेला माल, किंवा त्या मालाची किंमत, म्हणजे त्याची उत्पादकता. उत्पादकता आणि मेहनत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एका शिंप्याच्या हाताशी दोरा, गुंड्या व बेतलेलें कापड तयार असतें. दुसऱ्याला दर सदऱ्यामागें गुंड्यांसाठीं बाजारांत धांवावें लागतें, आणि दुपारीं वीज गेली म्हणजे स्वस्थ बसावें लागतें. सायंकाळीं हा दुसरा शिंपी अधिक थकलेला असतो आणि त्याचे सदरे मात्र कमी भरतात. त्याला आळशी म्हणणें सोपें आहे. पण तें खरें नाहीं.

या मोजमापाला एवढें महत्त्व कां द्यावें? कारण मजुरी, नफा आणि सरकारचा कर हीं तिन्ही शेवटीं त्या एका तासाच्या मालांतूनच निघावयाचीं असतात. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? अर्थात् आडांत पाणी असलें म्हणजे तें प्रत्येकाच्या घागरींत पडतेंच असें नाहीं. त्याचा विचार पुढें करूं. पण आडच कोरडा असेल तर वांटणीवरून कितीहि भांडण केलें तरी कोणाचीच तहान भागणार नाहीं, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाशीं आपली तुलना केली तर उत्तर फार सोपें वाटतें. त्यांच्याजवळ भांडवल आहे, नवीं यंत्रें आहेत, असें म्हणून आपण मोकळे होतों. म्हणून मी मुद्दाम गरिबाची तुलना गरिबाशीं करणार आहें, आणि त्यासाठीं कापसाच्या गिरणीचें उदाहरण घेतों. गिरणीचें यंत्र एका काळीं सगळ्या जगांत बहुतांशीं इंग्लंडांतून जात असे. त्यामुळें यंत्राचा भेद आपोआप गळून पडतो, आणि माणसांचा व व्यवस्थेचा भेद तेवढा उरतो.

ग्रेगरी क्लार्क या अर्थेतिहासकारांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत १९१० सालच्या गिरण्यांचा हिशेब मांडला आहे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागांतील एक कामकरी इंग्लंडांतील दीड, जर्मनींतील २.३, आणि ग्रीस, जपान, हिंदुस्थान व चीन या देशांतील जवळजवळ सहा कामकऱ्यांइतकें काम करीत असे, असें त्यांचें गणित आहे. या आंकड्यांत आपल्या दृष्टीनें मोठी गोष्ट कोणती? १९१० सालीं जपानी कामकरी आणि हिंदी कामकरी एकाच ओळींत उभे होते, ही. मुंबईच्या गिरणींतला साताऱ्याचा अथवा रत्नागिरीचा गडी आणि ओसाकाच्या गिरणींतली खेडेगांवची मुलगी यांच्या कामाचें माप तेव्हां सारखेंच भरत होतें.

तेथून पुढें मात्र दोघांच्या वाटा फुटल्या. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या तीस वर्षांत जपानी गिरणींतील दर माणशी उत्पादन अनेक पटींनीं वाढलें. मुंबईचें फारसें हललें नाहीं. १९३३ सालीं सुती कापडाच्या निर्यातींत जपाननें खुद्द इंग्लंडलाहि मागें टाकलें. त्याच वर्षीं हिंदुस्थान सरकारला ब्रिटनबाहेरच्या कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढवावी लागली, कारण कापूस आपल्या देशांतून नेऊन त्याचें कापड आपल्याच बाजारांत आपल्यापेक्षां स्वस्त विकणें जपान्यांना परवडत होतें. तीस वर्षांत मनुष्याचें रक्त बदलत नाहीं, हवामान बदलत नाहीं आणि धर्महि बदलत नाहीं. मग बदललें तें काय?

मुंबईला आरंभाचा मान होता. कावसजी नानाभाई दावर यांनीं पहिल्या गिरणीची स्थापना १८५४ सालीं केली. जपानची नांव घेण्याजोगी पहिली मोठी गिरणी, ओसाका येथली, १८८३ सालीं चालू झाली; तिच्यांत १०,५०० चात्या होत्या. म्हणजे आपण जवळजवळ एका पिढीनें पुढें होतों. १८९३ सालीं जमशेटजी टाटांच्या खटपटीनें जपानी आगबोट कंपनीची मुंबई-कोबे वाहतूक सुरू झाली, आणि हिंदी कापूस जपानला स्वस्त भाड्यानें जाऊं लागला. त्या वेळीं चीनच्या बाजारांत मुंबईच्या सुताचा जम होता. पुढें तोच बाजार जपाननें आपल्याकडून हिरावून घेतला.

आतां कारणांकडे वळूं. सूतकताईच्या खात्यांत कामकऱ्याचें मुख्य काम म्हणजे तुटलेला धागा सांधणें. चाती फिरविण्याचें काम यंत्र करतें. धागा तुटला कीं मनुष्यानें धांवावें लागतें. शाळेंतल्या रीतीनें हिशेब करूं. एका बाजूच्या चात्यांवर तासाला साठ धागे तुटत असतील, आणि एक कामकरी तासाला साठच धागे सांधूं शकत असेल, तर तो एकच बाजू संभाळील. तुटणें तिसांवर आलें तर तोच मनुष्य, तितक्याच मेहनतींत, दोन बाजू संभाळील. त्याची उत्पादकता दुप्पट झाली, आणि त्यानें अधिक घाम गाळलेला नाहीं. मग धागा तुटण्याचें प्रमाण कोणाच्या हातांत असतें? कापूस खरेदी करणाराच्या, त्याचें मिश्रण ठरविणाराच्या, खात्यांतली हवा दमट राखणाराच्या आणि यंत्राला वेळेवर तेलपाणी करणाराच्या. कामकऱ्याच्या हातांत त्यांतलें जवळजवळ कांहींच नसतें.

जपानी गिरण्यांनीं कापसाच्या मिश्रणाचें शास्त्र बनविलें. आपला आंखूड धाग्याचा कापूस आणि अमेरिकेचा लांब धाग्याचा कापूस योग्य प्रमाणांत मिसळून ते धाग्याची मजबुती साधीत. जुन्या म्यूल यंत्राऐवजीं रिंग यंत्र त्यांनीं झपाट्यानें स्वीकारलें. उलट मुंबईंतील पुष्कळ गिरण्या हलक्या कापसांतून पेलणार नाहीं इतकें बारीक सूत काढूं पाहत. खरेदींत चार पैसे वांचले असें चिटणीसाच्या वहींत दिसे. तेच पैसे कताईखात्यांत दामदुपटीनें जात, पण ते कोणत्याहि वहींत लिहिले जात नसत.

दुसरें कारण चालकांच्या मोबदल्याचें. मुंबईच्या आरंभींच्या कित्येक गिरण्यांत व्यवस्थापक एजंटांना तयार सुताच्या दर रत्तलामागें पाव आणा दलाली मिळे. गिरणीला नफा होवो वा तोटा होवो, वजन भरलें कीं दलाली पिकली. अशा व्यवस्थेंत सूत चांगलें निघावें, यंत्र नवें घ्यावें, माणूस शिकवून तयार करावा, ही कळकळ कोणाला वाटणार?

तिसरें कारण जॉबराचें. कामकऱ्याला नेमणारा, रजा देणारा आणि काढून टाकणारा जॉबर असे, आणि कित्येकदां त्याला कर्जहि तोच देई. नोकरीसाठीं जॉबराला दस्तुरी, आणि ती टिकविण्यासाठीं पुन्हां दस्तुरी. नेहमींचा कामकरी गैरहजर राहिला तर दारांत उभ्या असलेल्या बदली माणसांपैकीं कोणाला तरी आंत घ्यावयाचें. आज या यंत्रावर, उद्यां त्या यंत्रावर, असें ज्याचें जीवन, तो त्या यंत्राची नाडी कधीं ओळखणार? १९२९ ते १९३१ या काळांत हिंदुस्थानांतील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले कमिशननें या पद्धतीवर ठपका ठेविला, तो योग्यच होता.

हाच हिंदी माणूस निराळ्या व्यवस्थेंत निराळें काम करतो याचा पुरावा आपल्या नागपूरनेंच दिला आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं तेथें जमशेटजींची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या नोकरींतून आलेले गृहस्थ. गिरणीचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. आरंभीं तेथेंहि रोज पुष्कळ माणसें गैरहजर असत. त्यावर मालकांनीं शिव्या आणि दंड हा मार्ग न धरतां खात्यांत खेळती हवा आणली, नियमित हजेरीला बक्षिसें ठेविलीं, आणि पुढें पेन्शन व प्रॉव्हिडंट फंड यांची सोय केली. रिंग यंत्राचा प्रयोगहि त्यांनीं फार लवकर केला. नागपूरचीं माणसें पूर्वीचींच होतीं. त्यांच्या भोंवतालची व्यवस्था तेवढी बदलली, आणि गिरणी भरभराटीला आली.

क्लार्कसाहेबांनीं आपल्या निबंधांत देशांतील फरकाचें मूळ त्या त्या ठिकाणच्या लोकसंस्कृतींत आहे असा निष्कर्ष काढला आहे. त्यांच्या आंकड्यांचा मी आदर करतों, पण हा निष्कर्ष मला पटत नाहीं. १९१५ सालीं एका ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानें जपानी कारखाने पाहून जपान सरकारला सांगितलें होतें कीं, आपले लोक सुखवस्तु वृत्तीचे दिसतात आणि वेळेची किंमत ते जाणत नाहींत. ज्या लोकांच्या वक्तशीरपणाचे गोडवे आज आपण गातों त्यांच्याविषयींचें हें मत आहे. तेव्हां संस्कृति ही पुष्कळ अंशीं व्यवस्थेची लेक आहे, आई नव्हे.

पण जपानची आरती ओवाळतांना नाण्याची दुसरी बाजू लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्या गिरण्यांतील बहुसंख्य कामकरी शेतकऱ्यांच्या कोंवळ्या मुली होत्या. बापाला आगाऊ रक्कम देऊन त्यांना करारानें आणीत, कुंपणाच्या आंतल्या वसतिगृहांत ठेवीत, आणि दिवसपाळी-रात्रपाळी करून यंत्रें अहोरात्र चालवीत. क्षयानें कितीतरी मुली खंगल्या. वाकिझो होसोई या गिरणीकामगारानें त्यांची करुण कहाणी १९२५ सालीं ग्रंथरूपानें जगापुढें मांडली. स्त्रियांची रात्रपाळी तेथें १९२९ सालीं बंद झाली, आणि ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्यानंतर जपानी गिरण्या बुडाल्या नाहींत. उलट दर माणशी उत्पादन वाढविण्याचा त्यांचा प्रयत्न अधिकच नेटाचा झाला. साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटला कीं आपण होऊन थांबत असे, त्यामुळें एका कामकऱ्याला तीस किंवा त्याहून अधिक माग संभाळतां येत. १९२९ सालीं इंग्लंडांतील प्रसिद्ध प्लॅट कंपनीनेंच त्या मागाचे हक्क विकत घेतले. गुरूनें शिष्याकडून विद्या घ्यावी असा तो प्रसंग होता.

त्याच सुमारास मुंबईंत काय चाललें होतें? १९२८ सालीं मालकांनीं कार्यक्षमतेच्या नांवाखालीं विणकऱ्यानें दोनाऐवजीं तीन माग चालवावे आणि कताईवाल्यानें एका बाजूऐवजीं दोन बाजू संभाळाव्या, अशी योजना पुढें आणली. सुमारें दीड लाख कामगार संपावर गेले आणि गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या. मालक म्हणत, जपानशीं सामना करावयाचा तर याखेरीज गत्यंतर नाहीं. कामगार म्हणत, दोनाचे तीन माग झाले म्हणजे आमच्यापैकीं तिसरा हिस्सा रस्त्यावर जाईल. शिवाय कापूस हाच हलका राहिला तर तिसऱ्या मागावर तुटणारे धागे कोण सांधणार? दोघांचेंहि गणित आपापल्या परीनें बरोबर होतें. कापूस सुधारूं, यंत्र सुधारूं, वाढलेल्या उत्पन्नाचा अमुक भाग मजुरींत घालूं आणि ज्याचें काम जाईल त्याला दुसरें काम शिकवूं, हा करार मात्र विश्वासानें बांधला गेला नाहीं. मीं मघाशीं घागरीचा उल्लेख केला तो याचसाठीं. आपल्या घागरींत थेंबहि पडणार नाहीं अशी ज्याची खात्री झाली आहे, तो आड खोल खणावयाला हात कां लावील?

त्यानंतरचा इतिहास आपणांस ठाऊकच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या मोठ्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, आणि गिरणगांव त्यांतून पुन्हां कधीं सावरलें नाहीं. कापड विणण्याचा धंदा भिवंडी, मालेगांव, इचलकरंजी येथल्या यंत्रमागांकडे गेला.

हा सगळा जुना इतिहास झाला, आतां काळ बदलला, असें कोणी म्हणेल. म्हणून एक अलीकडचा प्रयोग सांगतों. २००८ सालापासून पुढें तारापूर आणि उंबरगांव या मुंबईच्या उत्तरेकडील दोन औद्योगिक वसाहतींत निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनीं कापडाच्या १७ कंपन्यांच्या २८ कारखान्यांवर एक परीक्षण केलें. कांहीं कारखान्यांना सल्लागारांच्या मदतीनें व्यवस्थेच्या ३८ साध्या पद्धति शिकविल्या, आणि बाकीचे तुलनेसाठीं ठेविले. त्या पद्धतींत अवघड असें कांहींच नव्हतें. यंत्र कां बंद पडलें याची रोज नोंद करावी; कापडांतील दोष कोठें उत्पन्न झाला तें लिहून ठेवावें; कोठींतल्या सुताची मोजदाद ठेवावी; हत्यारें जागच्या जागीं असावीं; आणि रोज सकाळीं या नोंदींवर सर्वांनीं दहा-पांच मिनिटें बोलावें. पहिल्याच वर्षांत त्या कारखान्यांची उत्पादकता सुमारें शेंकडा १७ वाढली.

मग हें मालकांनीं आधींच कां केलें नाहीं? शोधकांना दोन कारणें दिसलीं. एक म्हणजे आपला कारखाना चांगला चालला आहे अशीच बहुतेकांची समजूत होती. ज्याची नोंदच नाहीं तें नुकसान दिसणार कसें? दुसरें कारण अधिक खोल आहे. कंपनी किती वाढावी हें मुख्यतः घरांत कर्ते पुरुष किती यावरून ठरत होतें. परक्या व्यवस्थापकाच्या हातीं किल्ल्या देण्याची कोणाची तयारी नव्हती, म्हणून भाऊ-मुलगे जितके तितकेच कारखाने. याच्याशीं जुळणारा एक आंकडा सिए आणि क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं मांडला: अमेरिकेंत चाळीस वर्षांचा कारखाना नव्या कारखान्यापेक्षां सातपटींहून अधिक माणसांना काम देतो, भारतांत व मेक्सिकोंत तो तितक्या वर्षांत जेमतेम दुप्पट होतो. आपल्याकडे रोप लागतें, पण त्याचा वृक्ष होत नाहीं. याच दोघांनीं २००९ सालीं असेंहि दाखविलें होतें कीं, आहे तेंच भांडवल आणि आहेत तीच माणसें अमेरिकेंतल्याइतक्या नीट रीतीनें चांगल्या कारखान्यांकडे गेलीं, तर कारखानदारीची एकूण उत्पादकता चीनमध्यें शेंकडा ३० ते ५० आणि भारतांत शेंकडा ४० ते ६० वाढूं शकेल.

शिकण्याची शक्ति किती मोठी असते याचें उदाहरण आपल्या शेजारीं बांगलादेशांत आहे. १९७९ सालीं चितगांवच्या देश गारमेंट्स या कंपनीनें आपलीं सुमारें १३० माणसें दक्षिण कोरियांत देवू कंपनीच्या कारखान्यांत शिकावयाला पाठविलीं. कोरियाहि त्या वेळीं श्रीमंतांच्या पंक्तीला बसलेला नव्हता. तीं माणसें कांहीं महिने शिकून परत आलीं, आणि पुढें त्यांतल्या बहुतेकांनीं ती नोकरी सोडून स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. ज्या देशांतून तयार कपडे जवळजवळ बाहेर जात नव्हते, तो आज जगांतील अग्रगण्य निर्यातदारांत आहे, आणि तेथील शिलाईयंत्रावर लाखो स्त्रिया बसल्या आहेत. राणा प्लाझा ही इमारत २०१३ सालीं कोसळून अकराशेंहून अधिक माणसें दगावलीं, हेंहि त्याच कथेंतलें पान आहे. ओसाकाच्या मुलींची आठवण करून देणारें तें पान फाडून टाकतां येणार नाहीं.

आतां आपल्या नगर जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे येऊं. या शहराला हा प्रश्न नवा नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल यांनीं येथेंच सुधारलेला हातमाग तयार केला. विणकऱ्याच्या त्याच दिवसभराच्या श्रमांत अधिक कापड निघावें हाच त्यांचा उद्देश होता. पुढें प्रवराकांठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९४८ सालीं त्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ सालीं पहिला गळीत हंगाम झाला. एक शेतकरी आणि एक प्राध्यापक यांनीं मिळून केलेली ती व्यवस्था होती, आणि तिनें आडाबरोबर घागरींचाहि विचार केला होता.

साखरेच्या धंद्यांत उत्पादकतेचा सगळा खेळ वेळेचा आहे. ऊस तुटल्यापासून त्यांतली साखर उतरूं लागते. गळीत यंत्र चार तास बंद पडलें तर चार तासांची मजुरी जाते, आणि शिवाय गव्हाणीपुढें गाड्यांत वाळत उभ्या असलेल्या उसाचा उताराहि जातो. एके काळीं जावा बेटानें या शास्त्रांत जगाला धडे दिले. तेथील संशोधकांनीं तयार केलेली पी. ओ. जे. २८७८ ही उसाची जात १९२० नंतरच्या दशकांत सगळ्या बेटावर पसरली होती. १९३० नंतरच्या मंदींत तो धंदा कोसळला, पुढें युद्ध आलें, गिरण्या जुन्या होत गेल्या. आणि आज इंडोनेशिया हा साखर आयात करणाऱ्या मोठ्या देशांपैकीं एक आहे. मिळविलेली उत्पादकता वतन म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत नाहीं, ती दरवर्षीं नव्यानें मिळवावी लागते, हें जावा आपणांस शिकविते.

आणि आपल्या दारांतला सर्वांत बोंचरा प्रश्न ऊसतोडीचा. पाथर्डी-शेवगांवकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतून दर दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा एक कोयता, अशीं हजारों जोडपीं, लेंकरांना बरोबर घेऊन फडावर जातात. ब्राझिलच्या साव पावलो प्रांतांत तोडणी आज जवळजवळ सगळी यंत्रानें होते, आणि आपल्याकडेहि तोडणीयंत्रें येऊं लागलीं आहेत. यंत्र येणें वाईट आहे असें मी म्हणणार नाहीं. सहा महिने पाचटांत राहून पोराची शाळा बुडविणारें काम टिकलें पाहिजे असें कोणता शिक्षक म्हणेल? पण त्या कोयत्याला दुसरें कोणतें काम शिकविलें, हा प्रश्न १९२८ सालीं मुंबईनें सोडविला नाहीं तसाच आपणहि अनुत्तरित ठेवला, तर परिणाम निराळा होणार नाहीं.

नगर आणि सुपें येथील औद्योगिक वसाहतींत मोठ्या कंपन्यांच्या शेजारीं सुटे भाग बनविणारे शेंकडों लहान कारखाने आहेत. त्यांपैकीं कांहींचे चालक हें भाषण ऐकत असतील. त्यांना एक साधा उपाय सुचवितों. उद्यां सकाळीं दोन रुपयांची नव्हे, तर चांगली पक्क्या बांधणीची वही आणा, आणि प्रत्येक यंत्र किती वाजतां थांबलें, कां थांबलें आणि पुन्हां कधीं सुरू झालें तें यंत्रावरच्या माणसाच्या हातूनच लिहवा. डाय बदलावयाला किती वेळ गेला, माल संपला म्हणून किती वेळ गेला, वीज नव्हती म्हणून किती, आणि मिस्त्री सांपडला नाहीं म्हणून किती, हें महिन्यानें बेरीज करून पाहा. जपानांत टोयोटाच्या कारखान्यांत एका मोठ्या दाबयंत्राची डाय बदलावयाला चार तास लागत. अशा नोंदी व निरीक्षण यांच्या जोरावर शिगेओ शिंगो यांनीं १९६९ च्या सुमारास तें काम तीन मिनिटांवर आणून ठेविलें. तीं यंत्रें व तीं माणसें तींच होतीं. मात्र एक अट आहे. वहींत खरें लिहिल्याबद्दल ज्या दिवशीं एखाद्याला दंड होईल, त्या दिवसापासून ती वही खोटी होईल.

जे चालक नाहींत अशा सुशिक्षित कुटुंबांनींहि दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. यंत्रशाळेंत हात काळे करणारा फोरमन आणि कचेरींत बसणारा पदवीधर यांत आपण जें उच्चनीच मानतों, त्याची किंमत देश मोजीत आहे. हुशार मुलानें आय. टी. आय.मध्यें जाणें म्हणजे वायां जाणें, हा समज घरांतूनच निघून गेला पाहिजे. दुसरी गोष्ट मुलींची. ज्या देशांनीं ही मजल मारली त्यांच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येनें होत्या. आपल्या मुलींना कारखान्यांत पाठवावयाचें तर रात्रीं परत आणणारी विश्वासाची गाडी, स्वच्छ शौचालय आणि तान्ह्या मुलासाठीं पाळणाघर हीं आधीं मागून घ्या. तीं मागणें म्हणजे अडवणूक नव्हे. उत्पादकतेच्या हिशेबांतलेंच तें पहिलें कलम आहे.

श्रोतेहो, आपला माणूस कामचुकार आहे, हें वाक्य आपण चहाच्या टेबलावर फार सहज बोलतों. यापुढें तें ओठांवर येईल तेव्हां त्याच्या हातांत कोणता कापूस दिला आहे, त्याच्यावर कोणता जॉबर बसविला आहे आणि वाढलेल्या मालांतला कोणता भाग त्याच्या घरीं जाणार आहे, हे तीन प्रश्न आधीं विचारावे, एवढीच माझी विनंती आहे. त्यांचीं उत्तरें समाधानकारक असूनहि काम कमी भरलें, तर त्या माणसाला अवश्य बोल लावावा.